चाल : मारेनच्या भावाची नवी

कोपनहेगन, ३ मार्च १९२६

मारेनताई,

गेल्या भेटीबद्दल आभार. त्या भेटीला दोन वर्षं झाली आणि त्या भेटीत आपण आईच्या कपाटावरून पहिल्यापासून शेवटपर्यंत भांडलो. पण पत्राची सुरुवात आभारानं करायची ही आपल्याकडची रीत, आणि ती मोडायला मी काही मोठा माणूस नाही. अजून तरी नाही.

अजून नाही म्हणतो, कारण माझी सिंफनी पुरी झाली. बारा वर्षं घासत बसलो होतो. नोव्हेंबरात पहिल्यांदा वाजेल, मोठ्या सभागृहात, पुऱ्या वाद्यवृंदावर. तिचे चार भाग आहेत आणि तिसरा आईचा आहे. त्याची मुख्य चाल सोबत लिहून पाठवतो. पेटीवर वाजवून बघ, पण खिडक्या लावून. हे सूर अजून कुणी ऐकलेले नाहीत आणि नोव्हेंबरापर्यंत तुझ्याशिवाय कुणी ऐकायचे नाहीत.

तिसऱ्या ओळीनंतर दोन मात्रा काहीच नाही. ती शांतता नीट ऐक. बाबांचं गलबत परत आलं नाही त्यानंतरच्या हिवाळ्यांत आई पीठ मळता मळता मधेच थांबायची, आठवतं का तुला? हात पिठात तसेच आणि तोंड खिडकीकडे. आपण दोघं चमचे धरून बसायचो, ती पुन्हा मळायला लागेपर्यंत. का थांबायची ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही. ती गेली तेव्हा मला रडू आलं नाही, सगळ्या गावानं ते पाहिलं. ते रडू या दोन मात्रांत आहे. त्यांची जागा सापडायला मला चार वर्षं लागली. आधी दुसऱ्या ओळीनंतर ठेवली होती, इतका मूर्ख होतो.

जागा बरोबर आहे का, तेवढं सांग. आई थांबलेली ज्यांनी पाहिली अशी आपण दोनच माणसं उरलो, तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारू?

तुझा
एस्बर्न

—

सोंडरमोसे, लांगेलँड बेट, २१ मार्च

एस्बर्न,

पत्राबद्दल आभार. कपाट सुखरूप आहे, माझ्याकडेच आहे आणि माझ्याकडेच राहील.

चाल वाजवली. चांगली आहे. दुःखी आहे, पण माणसाला उचलून नेता येईल इतकीच. डोक्यातून जात म्हणून नाही. कोंबड्यांना दाणे टाकताना गुणगुणते तर कोंबड्यासुद्धा हळूहळू खातात.

खिडक्या सगळ्या लावल्या होत्या. स्वयंपाकघराचं दार तेवढं उघडं होतं, कारण क्लेमेन्सन खाटीक आत माझ्या डुकराचे तुकडे करत होता. त्याची काळजी करू नकोस. कोपरापर्यंत रक्तात बुडालेला माणूस, तो काय गाणं ऐकणार. "परत वाजव" म्हणाला, एवढंच. मी तीनदा वाजवली.

तुझ्या त्या शांततेचं सांगते. मी आधी सूर वाजवले आणि पत्र नंतर वाचलं, त्यामुळे पहिल्या वेळी मला वाटलं की तिसऱ्या ओळीनंतर तुझी शाई संपली. पत्र वाचल्यावर पुन्हा बसले, थांबले, दोन मात्रा मनात मोजल्या. खोटं कशाला बोलू, मला आई दिसली नाही. क्लेमेन्सननं सुरी खाली ठेवून "विसरलीस काय गं?" असं विचारलेलं तेवढं ऐकू आलं. दोष माझा असेल. मी पेटी वाजवते ती रविवारच्या स्तोत्रांपुरती, आणि स्तोत्रांत कुणी मधे थांबत नाही, नाहीतर पाद्रीबुवा पुढे निघून जातात.

डेअरीवाल्या थोरकिल्डच्या लग्नाला एप्रिलात पंचवीस वर्षं होतात. त्यांच्या दारात पानाफुलांची कमान उभारायची आहे. सगळं गाव त्यात आहे, म्हणजे मी एकटीच आहे.

मारेन

—

कोपनहेगन, २८ मार्च

ताई,

शाई संपली? शाई?

असो. मला सांग, हा क्लेमेन्सन तोच ना, जो गावातल्या प्रत्येक समारंभाला गाणं रचतो? डॉक्टरच्या पन्नाशीला ज्यानं 'अगाध'ला 'मूळव्याध' जुळवलं होतं तो? मला सगळं आठवतं. गाणं नवं आणि चाल कुणाचीतरी उसनी. कागद छापून ताटाताटाशी ठेवायचा, डोक्यावर 'चाल : अमुक' असं लिहायचं, आणि सगळी पंगत सगळी कडवी संपेपर्यंत गाणार. गाढवाला गुळाची चव काय, हे मला मान्य आहे. पण हे गाढव गूळ गावभर वाटत फिरतं.

त्याला स्पष्ट सांग की ही चाल त्याच्यासाठी नाही. उलटटपाली कळव.

एस्बर्न

—

सोंडरमोसे, २० एप्रिल

एस्बर्न,

उलटटपाली जमलं नाही, कमान होती.

आधी चांगली बातमी. थोरकिल्डची बायको गुड्रून रडली. पंचवीस वर्षांत तिला कुणी रडताना पाहिलेलं नाही, डेअरीला आग लागली तेव्हासुद्धा नाही. तुझ्या चालीवर रडली. तेव्हा पुढचं वाचण्याआधी एवढं लक्षात ठेव.

मी क्लेमेन्सनला तुझा निरोप अगदी शब्दशः दिला, गाढवासकट. तो म्हणाला, गाणं छापून झालं, आता काय कागद डुकरांना घालू? कागद दुधाच्या कॅनच्या आकाराचे कापलेले होते, दिसायला खरंच सुरेख. वर लिहिलं होतं, 'चाल : मारेनच्या भावाची नवी'. चौदा कडवी. पहिल्यात थोरकिल्ड गुड्रूनला लोण्याच्या बोलीवर मागणी घालतो, आणि शेवटच्यात दोघं स्वर्गात जातात आणि तिथलं दूध पातळ निघतं.

मला पेटीवर बसवलं. मी काय करणार होते? तिसरी ओळ संपली आणि मी थांबले. शपथेवर सांगते, तुझ्या दोन मात्रा मी पुऱ्या दिल्या. पण साठ माणसं एकदम गप्प झाली ना. जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला, की हा विसरला का मी विसरलो. पाद्रीबुवा खोकले. थोरकिल्डला वाटलं कुणीतरी गेलं, तो उठून उभाच राहिला. तेव्हा क्लेमेन्सननं लाज राखली. मूठ वळली आणि टेबलावर दोनदा हाणली. धाड, धाड. आणि चौथी ओळ सुरू केली.

दुसऱ्या कडव्यापासून सगळ्यांनी हाणायला सुरुवात केली. तेराव्याला रश्शाचं भांडं पडलं. रडू गुड्रूनला त्याच्या आधीच आलं होतं, भांड्यासाठी नव्हे, हेही मी मुद्दाम विचारून घेतलं.

मग नेहमीप्रमाणे नऊ वेळा हुर्रे झालं, लोकांनी काट्यांनी ग्लास वाजवले, आणि थोरकिल्ड-गुड्रूनना खुर्च्यांवर चढून मुका घ्यावा लागला. सगळे तुझी चौकशी करत होते.

मारेन

—

कोपनहेगन, २३ एप्रिल

थांबव त्यांना.

ए.

—

सोंडरमोसे, ३० मे

एस्बर्न,

थांबवते म्हणजे कसं? घराघरांत जाऊन लोकांच्या तोंडावर हात ठेवू?

तुझ्या रागाची कल्पना असल्यामुळे मी यादी देत नाही. एवढंच सांगते की शेळीपालक मंडळाच्या वार्षिक जेवणाला गायलेली मला तरी आवडली नाही, फार भरभर घेतली. फेरीबोटीवरच्या लोकांना मात्र ती चाल येते, आणि फेरीबोट फ्यून बेटाला जाते, आणि फ्यूनवर माणसं किती लग्नं करतात हे तुला ठाऊक आहे.

क्लेमेन्सन वाईट नाही रे. त्यानं तुझ्यासाठी एक सॉसेज दिलं आहे. पाठवू का?

मारेन

—

कोपनहेगन, ४ ऑक्टोबर

ताई,

सॉसेजबद्दल आभार. फेकून दिलं. अर्धं.

काल माझ्या खालच्या मजल्यावर बिर्क म्हणून ट्रामचालक राहतो त्याची साठी होती. मी वर बसून चौथ्या भागाच्या शेवटच्या दुरुस्त्या करत होतो. जमिनीतून आवाज यायला लागला. आईचा भाग. शब्द ट्रामच्या घंटेविषयी होते. तिसरी ओळ संपली, मी श्वास धरला, आणि माझ्या पायांखाली धाड, धाड. माझी दौत उडाली.

मी खाली गेलो. दारातच सांगितलं की ही चाल माझी आहे, मी संगीतकार आहे, आणि त्या जागी शांतता आहे. त्यांनी मला आत घेतलं, केक दिला आणि म्हणाले, मग गा की आमच्याबरोबर. मी गायलो. का गायलो मला ठाऊक नाही, केक चांगला होता. तिसऱ्या ओळीनंतर मी एकटा गप्प बसलो, हात मांडीवर. बिर्क माझ्याकडे वाकून अगदी प्रेमानं म्हणाला, "हरकत नाही, शिकाल हळूहळू. तुम्ही इकडचे नाही वाटतं?"

प्रयोगाला सहा आठवडे उरले. माझी सगळी आशा आता एकाच गोष्टीवर आहे. सभागृहात येणारे लोक वेगळे असतात, शिकलेले असतात. ते असल्या पंगतींना जात नाहीत.

एस्बर्न

—

सोंडरमोसे, ११ ऑक्टोबर

एस्बर्न,

शिकलेल्या लोकांची लग्नं होत नाहीत का?

मी हे चिडवायला लिहीत नाही. मला धास्ती वाटते म्हणून लिहिते. तिसऱ्या ओळीनंतर काहीतरी घाल तिथं. एखादी बासरी. जागा रिकामी दिसली की लोक बसतात रे.

मारेन

—

कोपनहेगन, १९ नोव्हेंबर

ताई,

शेवटचं पत्र समज.

पहिले दोन भाग लोकांनी शिस्तीत ऐकले. तिसरा सुरू झाला आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. दुसऱ्या ओळीला रांगा डोलायला लागल्या, हातात हात घालून, डावीकडून उजवीकडे, अगदी पंगतीत डोलतात तशा. मी मनात म्हणालो, डोला, हरकत नाही, फक्त तिसऱ्या ओळीनंतर गप्प बसा. देवाची प्रार्थना करत होतो, ताई. मी.

पहिली थाप प्रेक्षकांतून आली नाही. ती वाद्यवृंदातून आली. सर्वांत मोठी तंतुवाद्यं वाजवणाऱ्या आठ धिप्पाड माणसांनी आपापल्या वाद्याच्या पोटावर मूठ हाणली, कारण मागच्याच आठवड्यात त्यांच्यातल्या एकाच्या लग्नाचा रौप्यमहोत्सव झाला होता. मग सगळं सभागृह. खुर्च्यांच्या हातांवर, जमिनीवर काठ्यांनी, आणि एका माणसानं पुढच्या माणसाच्या टकलावर. धाड, धाड.

भाग संपला तेव्हा नऊ वेळा हुर्रे झालं. मग ग्लास नव्हते म्हणून लोकांनी किल्ल्या काढून वाजवायला सुरुवात केली. वाद्यवृंदाच्या संचालकाला समजेना, मग समजलं. तो खुर्चीवर चढला, त्याची बायको सज्जातून खाली आणली गेली, तिलाही चढवलं, आणि त्यांनी मुका घेतला. गेल्या वर्षापासून ती दोघं वेगळी राहतात. आता म्हणे परत एकत्र राहणार आहेत. चौथा भाग कुणी ऐकला नाही, वादकांनीसुद्धा.

आज पेपरात आलं आहे. 'श्री. राउन यांनी आपल्या पंगतींतील एक जुनी, सर्वांना प्रिय अशी लोकधून उचलली आहे. मात्र तिच्यातल्या सुप्रसिद्ध दोन थापा लिहायला ते चक्क विसरले. सुदैवाने श्रोते जागे होते.' चोर सोडून संन्याशाला फाशी, ते हेच.

आईसाठी मी एकच गोष्ट केली होती, आणि तिच्यावर तुमच्या खाटकानं मूठ हाणली. मी आता काही लिहिणार नाही. बेटावर येणार नाही. कपाट तुला लखलाभ.

एस्बर्न राउन

—

सोंडरमोसे, २८ डिसेंबर १९२७

एस्बर्न,

गेल्या भेटीबद्दल आभार, ती कधी झाली होती ते मला आता आठवत नाही.

गेल्या नाताळला जेवणासाठी भाजायचा हंस पाठवला, परत आला. या नाताळला हंस पाठवला, परत आला नाही, तेव्हा तू जिवंत आहेस आणि थोडा भुकेला आहेस असं मी धरून चालते. क्लेमेन्सनला बरं नाही. तो रोज विचारतो, "मारेन, त्याचं काही पत्र?" मी सांगते, येईल.

मारेन

—

सोंडरमोसे, १२ फेब्रुवारी १९२८

एस्बर्न,

काल तुझी पन्नाशी झाली, आणि कालच आम्ही क्लेमेन्सनला पुरलं. दोन्ही एका दिवशी आलं, म्हणून आज लिहिते.

त्यानं स्वतःच्या दफनाचं गाणं स्वतःच रचून ठेवलं होतं. सहाच कडवी. शेवटी शेवटी दमला होता. चर्चमध्ये असलं गाणं चालणार नाही असं पाद्रीबुवा म्हणाले, तेव्हा त्याची बायको म्हणाली की मग पुढच्या रविवारचं भाजलेलं डुक्कर दुसरीकडून मागवा. मग चाललं. कागदावर लिहिलं होतं, 'चाल : मारेनच्या भावाची'. 'नवी' हा शब्द त्यानं स्वतः खोडून ठेवला होता.

मी पेटीवर होते. तिसरी ओळ संपली, मी थांबले, आणि सगळ्या चर्चनं मुठी वर उचलल्या. सवय रे ती. दीडशे मुठी वर गेल्या आणि तिथंच राहिल्या. पहिली मूठ नेहमी त्याची असायची ना. त्याच्याआधी हाणायचं धाडस कुणाला होईना, आणि तो तर पुढे शवपेटीत निजलेला. कुणी खोकलं नाही. कुणी शेजाऱ्याकडे बघितलं नाही.

आणि मला आई दिसली. पिठात हात, खिडकीकडे तोंड. माझ्या हातात चमचा असल्यासारखं झालं, बोटांना जाणवला. तू शेजारी बसला होतास, नाकातून शेंबूड. सगळं जसंच्या तसं.

मी चौथी ओळ वाजवली तेव्हा लोकांनी मुठी हळूच खाली घेतल्या. सहाही कडव्यांत तसंच. बाहेर आल्यावर गुड्रून म्हणाली, "ते असं आहे होय." एवढंच म्हणाली.

तुझी शाई संपली नव्हती, एस्बर्न. जागा बरोबर आहे. तू विचारलं होतंस त्याला दोन वर्षं होत आली, उत्तर आज देते. तिथं कुणाला काहीही घालू देऊ नकोस, मी बासरी म्हणाले होते तेही विसर.

मारेन

—

कोपनहेगन, १२ फेब्रुवारी १९२८

मारेनताई,

दोन्ही हंसांबद्दल आभार. पहिला मी परत पाठवला, त्याची लाज वाटते. दुसरा फार चांगला होता.

काल मला पन्नास वर्षं झाली. कुणाला सांगितलं नव्हतं. पण पेपरात पन्नाशीची नावं येतातच, आणि बिर्क ट्रामचालक पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. सकाळी मी अंथरुणात पडून होतो. उठायचं नाही असंच ठरवलं होतं. दिवसभर नव्हे, मी एकंदरीतच म्हणतोय. तेवढ्यात जिन्यात माणसं जमल्याचा आवाज आला, आणि त्यांनी सुरू केलं. तीच चाल. शब्द त्यांचे :

वरच्या मजल्यावरती एक पाहुणा राहतो,
चुकीचं गातो परि भाडं वेळेवर देतो…

तिसरी ओळ संपली. जिन्यात टेबल कुठलं? त्यांनी माझ्या दारावरच दोन थापा मारल्या.

ताई, त्या प्रयोगानंतर माझ्या दारावर कुणी थाप मारली नव्हती. मी उठलो. रात्रीच्या सदऱ्यातच दार उघडायला धावलो आणि दाराशी पोचेपर्यंत मला कळलं होतं. आई कशासाठी थांबायची ते. ती समुद्राकडे बघत नव्हती. ती ऐकत होती. दारावर थाप पडते का, ते ऐकत होती. बारा वर्षं मी तिचं थांबणं लिहीत बसलो, आणि कशासाठी थांबली ते एका खाटकाला कळलं, डुक्कर कापता कापता.

दार उघडल्यावर मी रडलो, सगळ्या जिन्यानं ते पाहिलं. मग केक खाल्ला.

सिंफनी आता छापत आहेत, त्या थापांमुळेच म्हणे तिला मागणी आहे. आजवर मी अडून बसलो होतो. आज सकाळी जाऊन प्रकाशकाला सांगून आलो, तिसऱ्या ओळीनंतरची शांतता काढा आणि तिथं नगाऱ्याचे दोन ठोके छापा. क्लेमेन्सनला हे तू स्वतः जाऊन सांग. त्याला म्हणावं, जागा माझी, थाप त्याची. आणि अर्धं सॉसेज मी खाल्लं होतं तेही सांग.

तुझा
एस्बर्न

—

सोंडरमोसे, १७ फेब्रुवारी

एस्बर्न,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं वाचलं.

छपाई थांबव. ताबडतोब जा. ज्या दिवशी अख्खं गाव तुझी शांतता शिकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू ती विकून आलास. आता इथं कुणी हाणत नाही. काल थोरकिल्डच्या पुतणीचं लग्न होतं, तिथंही सगळे क्लेमेन्सनसाठी गप्प राहिले. फ्यूनहून आलेल्या एका पाहुण्यानं टेबलावर हाणलं, तर सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा जेवलाच नाही.

क्लेमेन्सनला तुझा निरोप मी सांगून आले. थडग्यापाशी उभी राहून, मोठ्यानं, सॉसेजसकट. थंडी फार होती.

आईबद्दल तुझं म्हणणं खरं असेल. फक्त बाबा दारावर थाप मारत नसत. ते लाथ मारायचे, आणि तीही एकदाच. तू तेव्हा फार लहान होतास. पण ती ऐकत होती, हे खरं आहे. मला हे कळायला हवं होतं, मी थोरली.

मारेन

—

कोपनहेगन, २४ फेब्रुवारी

ताई,

उशीर झाला. छापून झालं, गठ्ठे गेले. जर्मनीलाही गेले. आता सगळं जग त्या जागी दोन ठोके वाजवणार, आणि मी जे लिहिलं होतं ते फक्त तुमच्या बेटावर वाजणार. सांभाळा. बाहेर कुणाला सांगू नका.

पाद्रीबुवांनी तुझ्याकडे विचारणा केलीच तर त्यांना सांग, खरं कोणतं, शांतता की थाप, ते मला स्वतःला ठाऊक नाही.

शनिवारच्या बोटीनं येतो. कपाट मागायला नाही. क्लेमेन्सनच्या बायकोला भेटायचं आहे, आणि तुझ्या स्वयंपाकघरात बसायचं आहे. पीठ मळून ठेव.

अंधार पडायच्या सुमारास दारावर दोन थापा पडतील. तो मी असेन. पण लगेच उघडायला येऊ नकोस, ताई. हात पिठात असतील तसेच राहू दे, दोन मात्रा थांब, आणि मग ये.

भेटीबद्दल आधीच आभार.

एस्बर्न